दसऱ्यानंतरची चाल

मोनाली सुरवसेला लहानपणापासून एक खोड होती. "हे असंच असतं" असं कुणी म्हटलं की तिला स्वस्थ बसवायचं नाही. असंच का असतं? वेगळं का नसतं? माहेरी आई वैतागून म्हणायची, "सासरी जा एकदा, मग कळंल. का-का करणाऱ्या सुनेला कुणी सुखानं भाकरी खाऊ देत नाय." मोनाली लग्न होऊन बार्शीला आली आणि तिला भेटली थोरली जाऊ, राजश्री. घरातली लहानथोर तिला अक्काच म्हणायची, म्हणून मोनालीही म्हणू लागली. अक्काकडं सगळ्या 'का'ला एकच उत्तर होतं, "मी म्हणते म्हणून."

आता अशा दोघींचं एका घरात कसं जमावं? पण जमलं, आणि असं जमलं की गल्लीतल्या बायकांना बोलायला काही उरलं नाही.

घरचा धंदा मंडपाचा. सुरवसे मंडप डेकोरेटर्स म्हणजे एके काळी तालुक्यात नाव होतं. मग लग्नं लॉनवर गेली आणि लॉनवाल्यांनी आपोआप उभे राहणारे मंडप आणले. बटण दाबलं की खांब वर. सुरवशांचे बांबू आणि कनाती गोदामात पडून राहिल्या. दोघे भाऊ सकाळी गोदामाचं कुलूप काढायचे, संध्याकाळी लावायचे, आणि मधल्या वेळात चहा प्यायचे. असं किती दिवस चालणार? एकदा सगळे जेवत असताना अक्कानं जाहीर केलं, "मी आणि मोनाली कॉलेजात जाणार."

अक्काच्या मालकांचा घास हातातच राहिला. "कुठल्या कॉलेजात? या वयात?"

लातूर रस्त्याला नवं कम्युनिटी कॉलेज निघालं होतं. तिथं वयाची अट नव्हती. धंदा बुडालेले, शाळा सुटलेले, पोरं मोठी झालेल्या बायका, सगळ्यांना तिथं दार उघडं होतं. त्यात सुरक्षाशास्त्र आणि तंत्रज्ञान या विषयाची पदविका होती.

"म्हणजे वॉचमन व्हायचंय तुम्हाला?"

"वॉचमन शिट्टी वाजवतो," अक्का म्हणाली. "आम्ही शिट्टी वाजवायची पाळीच येऊ देणार नाय. आमटी वाढू का?"

विषय तिथंच संपला.

कॉलेजात पहिल्यांदा कुलपं शिकवली, मग कॅमेरे, आग, गर्दी, कायदा. मोनालीला तर मेवाच मिळाल्यासारखं झालं. इथं 'का' विचारलं की वर्गशिक्षिका तांबोळी मॅडम खूश व्हायच्या. त्यांची सगळी नोकरी पोलिसांच्या सायबर खात्यात गेलेली. बोलणं कमी, नजर तिखट. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना उभं करून शपथ घ्यायला लावली होती, "ज्यासाठी मला बसवलं आहे, तेवढंच मी बघीन." शपथ घेताना मोनालीच्या मनात आलंच, तेवढंच का?

मग एक दिवस मॅडम म्हणाल्या, "चेहरा चोरता येतो. तुमच्या मुलाचा चेहरा आणि आवाज वापरून कुणीही तुम्हाला व्हिडिओवर पैसे मागू शकतो, हे तुम्हाला माहीत आहे. बोटाचा ठसा पाण्याच्या ग्लासवरून उचलता येतो. मग माणसाचं स्वतःचं असं काय उरलं?"

"मन," मागून कुणीतरी म्हणालं.

"मन फाटकावर तपासता येत नाही. सगळ्यांनी डोळे मिटा." मॅडमनी अक्काला खुणेनं उठवलं आणि वर्गात चालायला लावलं. "कोण चाललं?"

"राजश्रीताई!" सगळा वर्ग एका आवाजात म्हणाला. अक्काचं चालणंच तसं होतं, धाडधाड, घरात चालली तर कपाटातली भांडी वाजायची.

"बघा. घरी तुम्ही हे रोज करता. नवरा जिन्यात असतानाच कळतं की तोच आहे. सरळ आलाय की घेऊन आलाय, तेही कळतं." वर्गात हशा पिकला. "आपली फरशी तेच करते. तिच्याखाली केसाएवढे काचेचे धागे अंथरलेत. त्यांतून सतत प्रकाश जातो. पाऊल पडलं की धागा किंचित दबतो आणि प्रकाश किंचित बदलतो. टाच किती जोरात टेकली, वजन पुढं कसं सरकलं, अंगठ्यानं किती रेटा दिला, डावं आणि उजवं पाऊल यांत वेळ किती गेला, हे सगळं त्या बदलातून कळतं. फाटकापासून दारापर्यंत चालत गेलं की पुरे. खोटं चालता येतं, पण चार पावलं. मग माणूस विसरतो आणि स्वतःसारखं चालायला लागतो."

म्हणून त्या कॉलेजात ना ओळखपत्र होतं ना फाटकावर सही. जूनमध्ये प्रत्येकाला चालायला लावून चाल नोंदवून घेतली होती आणि प्रत्येकाला एक पाऊल-क्रमांक दिला होता. क्रमांक कुणाचा, हे फक्त ज्याचा त्याला आणि मॅडमना ठाऊक. माणूस आला की फरशी ओळखायची आणि दार उघडायचं. चार महिने सगळं सुरळीत चाललं.

घटस्थापनेच्या दिवशी सकाळी मात्र दार उघडेना.

फाटकाजवळ ही गर्दी! बायका येत होत्या, चालत होत्या, आणि फरशीतला यंत्राचा आवाज शांतपणे म्हणत होता, "ओळख पटली नाही." एक आजीबाई, शिवणकामाच्या वर्गाच्या, फरशीकडं बोट करून कडाडल्या, "मी कोण हाय ते मला म्हाईत नाय व्हय गं, भवाने?" पुरुषही अडकले होते. यंत्र बसवणाऱ्या कंपनीच्या माणसाला मॅडमनी फोन लावला. तो लांब बंगळुरूला बसून पडद्यावर आकडे बघत होता. त्यानं घाबऱ्या आवाजात विचारलं, "मॅडम, तुमच्याकडं काल काही अपघात झाला का? निम्म्या लोकांच्या पायांना इजा झालेली दिसतेय."

मॅडमनी समोरच्या गर्दीच्या पायांकडं पाहिलं. "अपघात नाही साहेब," त्या म्हणाल्या, "नवरात्र आहे."

देवीचे नऊ दिवस पायात काही घालायचं नाही, हे त्या भागात इतकं मुरलेलं की कुणाला सांगावंसंही वाटलं नव्हतं. चाल नोंदवली ती चपला-बुटांतली. अनवाणी माणूस टाच आपटत नाही, जपून टेकवतो. पाऊल आखूड पडतं, खडा बघून पडतं. यंत्राच्या हिशेबी निम्मं गाव एका रात्रीत अनोळखी झालं होतं. मॅडमनी दसऱ्यापर्यंत यंत्राची शिस्त सैल केली, म्हणजे थोडं वेगळं पाऊलही चालून जाईल अशी. आणि वर्गात येऊन म्हणाल्या, "मोनाली, तुला फार का-का असतं ना? हा तुझा प्रकल्प. नवरात्रात चाल किती बदलते आणि नंतर किती दिवसांत परत येते, ते शोधून काढ. नावं मिळणार नाहीत. फक्त क्रमांक."

मोनालीला याहून मोठा प्रसाद कुणी दिला नव्हता.

त्याच सुमारास आणखी एक बातमी आली. गावाबाहेर नवी बियाणे कोठी उभी राहिली होती. दुष्काळानं आणि रोगानं शेतातून नाहीशी झालेली जुनी वाणं, ज्वारी, तूर, करडई, सगळ्यांचं बी तिथं गारठ्यात जपून ठेवलेलं. तिथं सुरक्षा पर्यवेक्षकाची एक जागा निघाली, शिकता शिकता करता येईल अशी. कॉलेजातून परीक्षा आणि मुलाखती झाल्या. निकाल लागला तेव्हा अक्का पहिली आली होती. प्रतीक्षायादीत एकच नाव होतं, मोनालीचं. अक्का रुजू झाली नाही तरच तिला.

अक्कानं गल्लीभर पेढे वाटले. मालकांच्या हातावर पेढा ठेवून म्हणाली, "घ्या, वॉचमननं दिलाय." त्या दिवशी मालक पहिल्यांदाच तिच्यापुढं लाजले. मोनालीला वाईट वाटलं का? खरं सांगायचं तर थोडं वाटलं. नोकरी तिलाही हवी होती. पण अक्काचा चेहरा बघून ते वाईट वाटणं टिकलं नाही.

दसरा झाला. सोनं लुटून आल्यावर गावानं पुन्हा चपला चढवल्या आणि मोनाली पडद्यासमोर बसली.

प्रत्येक क्रमांकाची एक रेघ. जूनपासून सरळ चाललेली, घटस्थापनेला धाडकन खाली गेलेली, आणि दसऱ्यानंतर दोन-तीन दिवसांत पुन्हा वर येऊन आपल्या जागी बसलेली. अशा शेकडो रेघा. मोनाली एकेक बघत पुढं सरकत होती आणि एका रेघेशी थांबली. ती खाली गेली होती आणि खालीच होती. आठवडा गेला तरी वर यायला तयार नाही.

असं का?

ती मागं गेली. नवरात्राच्या आधीचे महिने मोठे करून पाहिले. ही रेघ सरळ नव्हतीच. जुलैपासून ती हळूहळू उतरत होती, इतकी हळू की यंत्राला तक्रार करावीशी वाटली नव्हती. आणि मग नवरात्राचा खड्डा आला आणि ती उतरण त्यात झाकली गेली. मोनालीनं आनंदानं खुर्ची पुढं ओढली. आपण असं काहीतरी पाहिलंय जे यंत्राला दिसलं नाही आणि कंपनीलाही दिसलं नाही! तिनं त्या क्रमांकाचं एकेक पाऊल उलगडलं. उजवा पाय उशिरा उचलला जात होता. अंगठ्याचा रेटा कमी पडत होता. एक पाऊल लांब, एक आखूड, एकसारखी पडतच नव्हती.

ग्रंथालयात बसून तिनं शोधलं तेव्हा उत्तर मिळालं. असं पाऊल लचकेचं नसतं आणि काट्याचंही नसतं. मेंदूत हालचालीचा हुकूम देणाऱ्या काही पेशी आधी मरू लागतात आणि शरीर वर्षानुवर्षं सांभाळून घेतं, कुणाला कळू देत नाही. हात थरथरायला लागतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. पण चालीत ते आधी उतरतं. कंपवात. अलीकडं एक औषध आलं होतं. ते मेलेल्या पेशी परत आणत नव्हतं, पण कंप सुरू व्हायच्या आत घेतलं तर उरलेल्या वाचवत होतं. आत म्हणजे आत. नंतर घेऊन उपयोग नव्हता.

बिचारं कोण असेल हे, असं तिच्या मनात आलं. आणि शोधायला नको म्हणत म्हणतच तिची नजर वेळेच्या रकान्यावर गेली. हा क्रमांक रोज सकाळी एका दुसऱ्या क्रमांकाच्या पाठोपाठ आत येत होता. रोज, न चुकता, स्कूटर लावून यायला लागावा तेवढाच वेळ मागं.

पुढचा क्रमांक मोनालीचा स्वतःचा होता.

दोघी रोज एकाच स्कूटरवर यायच्या. मोनाली फाटकाशी उतरायची. स्कूटर लावून अक्का मागून यायची.

घरी आल्यावर तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "अक्का, पाय दुखतोय का गं?"

"टाचेत काटा मोडलाय बग नवरात्रात. निघंल आपोआप."

"बघू दे की." मोनालीनं सुई घेतली, अक्काचा पाय मांडीवर घेतला आणि ओसरीच्या उजेडात टाच बोटांनी दाबून दाबून पाहिली. काटा नव्हता. काट्याची खूणही नव्हती. टाच स्वच्छ होती.

"सापडला का?"

"नाय," मोनाली म्हणाली. तिनं सुई परत डब्यात ठेवली.

मग तिला सगळंच दिसायला लागलं. दूध उतू जाऊन जळालं, घरभर वास सुटला, आणि अक्का शेजारी उभी राहून भाजी निवडत होती. "अक्काचं नाक म्हातारं झालं," म्हणून पोरं वर्षभर चेष्टा करत होती. आता मोनालीला कळलं की वास जाणं हीसुद्धा त्याच रोगाची जुनी खूण आहे. चालताना अक्काचा डावा हात हलायचा, उजवा तसाच अंगाशी. घरात भांडी वाजायची थांबली होती. हे कधी थांबलं, ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती मॅडमच्या खोलीत गेली. "मॅडम, समजा, फरशीत कुणाचा आजार दिसला तर?"

मॅडमनी चष्मा काढला. "दिसतो. मला माहीत आहे. कंपनीलाही माहीत असेल. पण बघायचं नाही."

"का पण? सांगितलं तर माणूस वाचेल की."

"एक माणूस वाचेल. मग काय होईल ते बघ. उद्या कारखानदार फाटकावर फरशी बसवेल आणि कामगार आजारी पडायच्या आत त्याला काढून टाकेल. विमावाले चाल बघून हप्ता वाढवतील. आणि लग्नाचं? पूर्वी मुलगी बघायला आले की म्हणायचे, 'जरा चालून दाखव बाळ.' मलाही चालवलंय तसं, चहाचा ट्रे हातात देऊन. आता ते नुसतं बघणार नाहीत, फरशी वाचतील." मॅडमचा आवाज चढला होता. त्यांनी तो खाली आणला. "आपल्या कामात सगळं दिसतं, मोनाली. म्हणून शपथ आहे. आपण बघायला लागलो तर लोकांना लपायला जागा राहणार नाही."

मोनालीला ते पटलं, हेच तर वाईट होतं. मॅडम बरोबर होत्या आणि अक्काच्या पेशी मरत होत्या.

"आणि ज्याची चाल त्यानं स्वतः मागितली तर?"

"तर द्यावीच लागेल. ती त्याची आहे. पण आजवर कुणी मागितली नाही. आपल्या पायांत काय दिसेल अशी शंका कुणाला येते?"

दोन दिवस मोनाली गप्प राहिली. घरात ती गप्प म्हणजे नवलच. कसं सांगावं? शपथ मोडते, ते एक. आणि दुसरं त्याहून अवघड. अक्का गेली नाही तर नोकरी कुणाला? मोनालीला. जग काय म्हणेल ते सोडा, अक्का काय म्हणेल? पण औषधाची वेळ निघून चालली होती, आणि ती वेळ अक्काची होती, मोनालीची नव्हती. शेवटी एका दुपारी गोदामात कनाती उन्हात घालायला दोघी गेल्या होत्या, तेव्हा तिनं सगळं सांगून टाकलं. रेघ, पाऊल, टाच, दूध, औषध.

अक्का कनात हातात धरून ऐकत राहिली. मग तिनं कनात खाली टाकली.

"नोकरी पाह्यजे व्हती तर सरळ मागायची व्हतीस मोने," ती म्हणाली. "दिली असती."

"अक्का, देवीशप्पत..."

"देवीला मधी आणू नको. मला काय झालंय ते मला कळत न्हाय व्हय? यंत्र सांगणार, आणि तू त्याची वकील? मी चालतीय, काम करतीय, पहिली आलीय. पहिली! तुझ्या डोळ्यांत खुपतंय ते."

अक्का निघून गेली. त्या दिवसापासून ती रिक्षानं कॉलेजला जायला लागली. स्वयंपाकघरात दोघी एकमेकींना न शिवता वावरायच्या. मीठ हवं असलं तरी अक्का पोराला हाक मारायची. मोनालीच्या नवऱ्यानं विचारलं, काय झालं? मोनाली म्हणाली, काही नाही. रडायचं तर मोरीत, नळ सोडून.

पुष्कळ जण म्हणतात की तिनं तेव्हा गप्प बसायचं होतं. सांगून झालं, कर्तव्य संपलं. पण ज्या बाईला लहानपणापासून 'का' सोडवत नाही, तिला अक्का का ऐकत नाही हे कळत होतं की! अक्का ऐकत नव्हती, कारण बोलणारीचा त्यात फायदा होता. फायदा काढून टाकला तर?

मोनाली सोमवारी मॅडमसमोर उभी राहिली. "बियाणे कोठीच्या प्रतीक्षायादीतून माझं नाव काढा. अक्का गेली नाही तरी मी जाणार नाही. आणि मॅडम, मी शपथ मोडलीय. ज्याच्यासाठी बसवलं नव्हतं, ते मी बघितलं, आणि बाहेर सांगितलं."

मॅडमनी हातातला पेन खाली ठेवला. "मला काय करावं लागेल ते माहीत आहे तुला? या वर्षी तुला पदविका मिळणार नाही. जूनमध्ये पुन्हा पहिल्यापासून बसावं लागेल. तो नियम मीच लिहिलाय. तुझ्यासाठी मी तो वाकवला तर उद्या सगळ्यांसाठी वाकेल."

"माहीत आहे."

"जा मग," मॅडम म्हणाल्या, आणि ती दारात पोचल्यावर, "मी तुझ्या जागी असते तर काय केलं असतं, ते मला विचारू नकोस." पहिल्यांदाच त्यांनी कुणाला तरी प्रश्न विचारू नकोस म्हटलं होतं.

मॅडमनी वर्गात एवढंच सांगितलं की मोनाली सुरवसे यंदा परीक्षेला बसणार नाहीत आणि कोठीसाठीचं नावही त्यांनी मागं घेतलंय. अक्का पहिल्या बाकावर बसली होती.

संध्याकाळी मोनाली भाकरी थापत असताना अक्का चुलीशी येऊन उभी राहिली. कितीतरी दिवसांनी.

"नंबर सोडलास?"

"व्हय."

"कॉलेज बी गेलं?"

"या वर्षापुरतं."

"येडी हायस का गं तू?" अक्काचा आवाज फुटला. "दोघींतल्या एकीला तरी मिळाली असती की नोकरी!"

मोनालीनं भाकरी उलटली. बोलली असती तर तव्यावर पाणीच पडलं असतं.

अक्का रात्रभर तळमळली म्हणे. सकाळी तिनं रिक्षा बोलावली नाही. चालत कॉलेजात गेली आणि मॅडमपुढं बसून म्हणाली, "माझी चाल मला दाखवा." मॅडमनी पडदा तिच्याकडं वळवला. कुणी काही समजावून सांगितलं नाही. लागलंच नाही. जूनमधली अक्का त्या पडद्यावर धाडधाड चालत होती आणि आत्ताची अक्का तिच्या मागं पडत चालली होती.

घरी येऊन तिनं पर्स भिरकावली. "सोलापूरला डॉक्टरकडं जायचंय. तू येणार हायस."

सोलापूरच्या डॉक्टरांनी हात वळवून पाहिले, बोटं उघडमीट करायला लावली, मेंदूचे फोटो काढले. मग म्हणाले, "इतक्या लवकर कुणी येतच नाही माझ्याकडं. तुम्हाला शंका कशी आली?" अक्का मोनालीकडं पाहून म्हणाली, "घरात एक चोंबडी हाय." रोग तोच होता. औषध त्याच दिवशी सुरू झालं. जे गेलं ते परत येणार नव्हतं. पण पुढचं बहुतेक थांबेल, असं डॉक्टर म्हणाले. बहुतेक म्हणाले, नक्की म्हणाले नाहीत.

कोठीत रुजू व्हायला आठवडा होता. तिथल्या वैद्यकीय तपासणीत डोळे, रक्तदाब आणि उंची, एवढंच. कुणाला काही कळलं नसतं. मालक म्हणाले, "कशाला सांगायचं? हातात आलेलं घालवायचं?" अक्का म्हणाली, "रोज फाटकावर दुसऱ्यांना अडवून विचारणार, काय लपवलंय ते दाखवा. आणि मीच लपवून आत जाऊ?"

मोनाली तिला स्कूटरवर घेऊन कोठीवर गेली. आता स्कूटर मोनाली चालवत होती. अक्का आत गेली आणि मोनाली कडुनिंबाखाली उभी राहिली. बऱ्याच वेळानं अक्का बाहेर आली. चेहऱ्यावरून काही कळेना.

"काय म्हणाले?"

"साहेबानं आदी नियमाची वही चाळली. मग म्हणाला, नियमात असं कुठं लिहिलेलं न्हाय. एक वरीस घेतो, मग बघू. सोमवारपास्नं ये." अक्का पायरीवर बसली. "एक वरीस, मोने. बास झालं. मागनं मागीन आणखी."

मोनाली तिच्या शेजारी टेकली. मग अक्का म्हणाली, "त्या दिवशी गोदामात बोलले ते रागाच्या भरात बोलले असं म्हणणार न्हाय मी. मनातलंच व्हतं. तुझ्याबद्दल असलं मनात आलं, त्याची लाज वाटती मला. आणि भ्याले व्हते गं. आजून भ्यालीय."

"मी पण," मोनाली म्हणाली आणि रडायला लागली. अक्काही रडली. फाटकावरचा शिपाई दुसरीकडं बघायला लागला.

डोळे पुसून अक्का उठली. "हितं बी कॉलेजासारखीच फरशी हाय; साहेबाला सांगितलंय, जूनमध्ये परत कॉलेजात जाशील तवा मॅडमला बी सांग. राजश्री सुरवसेची चाल मोनाली सुरवसेला उघडी हाय. तिनं बघायची. दुसऱ्या कुणी न्हाय. लिहून देते मी. आणि दिसंल ते मला सांगायचं."

"वाईट दिसलं तरी?"

"वाईट दिसलं तर आदी."

सोमवारी सकाळी मोनालीनं तिला कोठीच्या फाटकाशी सोडलं. नव्या गणवेशात अक्का आतल्या फरशीवर चालत निघाली. उजवा पाय किंचित मागं राहत होता, उजवा हात अंगाशी. मोनाली स्कूटर धरून उभी होती. निम्म्या वाटेवर पोचल्यावर अक्कानं मागं न बघताच आवाज दिला.

"बघतीयस ना गं?"

"बघतीय, अक्का."